नाट्यपदाचे माहेर

भोकरदन हे गाव विद्वानांस ठाऊक आहे ते त्याच्या जुन्या नावाने. सांची व भरहूत येथील स्तूपांस ज्यांनी दाने दिली, त्यांच्या लेखांत ‘भोगवर्धन’ येथील रहिवाशांचे उल्लेख आढळतात. ते भोगवर्धन म्हणजेच केळणा नदीच्या काठचे हे भोकरदन. १९७३ साली येथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीप्रतिमा निघाली, आणि इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य पाहून संशोधकांस मोठे नवल वाटले. ते योग्यच होते. परंतु आम्हांस या गावी जे नवल वाटले ते हस्तिदंताचे नसून एका चालीचे होते, आणि तिची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

प्रसंग अगदी साधा. श्रावणातील सप्ताह चालू होता. कीर्तनास अवकाश होता म्हणून भजनी मंडळी बसली होती. पेटी, पखवाज आणि दहाबारा टाळकरी. पेटीवर बसलेले वृद्ध गृहस्थ तुकोबांचा एक अभंग सांगू लागले आणि आम्ही एकदम सावरून बसलो. शब्द अभंगाचे होते, पण चाल १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील भीमपलासाच्या पदाची होती. त्रिताल जाऊन भजनी ठेका आला होता, ताना गळून गेल्या होत्या, दोन जागी स्वर सोपे झाले होते. तरी ओळख पटण्यास अडचण पडली नाही. भजन संपल्यावर आम्ही जवळ जाऊन मोठ्या आनंदाने त्यांस म्हणालो की, ही तर बालगंधर्वांच्या पदाची चाल! गृहस्थांनी पेटीचा भाता मिटला आणि शांतपणे सांगितले, “नाटकातली नाही बरं का ही. आमच्या आज्याच्या येळंपासून भजनातच आहे.”

त्या क्षणी आम्हांस हसू आले हे कबूल करतो. परंतु मुक्कामी परतल्यावर जो जो विचार करू लागलो तो तो ते हसू ओसरत गेले. गृहस्थांचे विधान त्या एका चालीपुरते चूक होते यात संशय नाही. तथापि मराठी नाट्यगायनाची सगळी वंशावळ डोळ्यांपुढे मांडली तर हे गाणे मुळात कोणाचे, रंगभूमीचे की देवळाच्या सभामंडपाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीवाल्या आजोबांच्या बाजूनेच पुष्कळसे झुकते, असे आमचे मत झाले आहे.

नाट्यसंगीत म्हणजे रागदारी संगीताची सुलभ आवृत्ती, अशी कित्येकांची समजूत असते. ख्यालाची बंदिश घ्यावी, तीत मराठी शब्द बसवावे, आलाप आखडता घ्यावा, की झाले नाट्यपद! ही समजूत १९११ नंतरच्या नाटकांपुरती काहीशी खरी आहे, पण तिच्या आधारे १८८० सालचे ‘शाकुंतल’ समजत नाही, आणि १८४३ सालचे ‘सीतास्वयंवर’ तर मुळीच समजत नाही. झाडाची ओळख त्याच्या शेंड्यावरच्या फुलांवरून करून घेण्यातला हा प्रकार आहे.

मुळाकडे गेले तर तेथे हरिदास उभा दिसतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण झाले की उत्तररंगात आख्यान लागते, आणि आख्यान म्हणजे एका माणसाने उभे केलेले संपूर्ण नाटकच होय. रुक्मिणीही तोच, कृष्णही तोच, निरोप घेऊन जाणारा ब्राह्मणही तोच. गद्य बोलता बोलता भावना उचंबळली की तो साकी घेतो. कथा पुढे ढकलावयाची असेल तर दिंडी म्हणतो. युद्धाचा किंवा सैन्याचा देखावा आला की कटाव सोडतो. मधूनमधून मोरोपंतांची आर्या येते, श्लोक येतो, ओवी येते. साकीच्या चरणात सोळा व बारा अशा अठ्ठावीस मात्रा आणि दिंडीच्या चरणात नऊ व दहा अशा एकोणीस. ही मापे वाचकांस नीरस वाटतील, पण त्यांतच सगळी गोम आहे. या रचनांस स्वतःची एक चालत आलेली चाल असते; ती श्रोत्यांस पाठ असते; म्हणून श्रोत्याचे लक्ष स्वरांच्या नवलाईत न गुंतता शब्दांत राहते. हरिदासाचा आवाज चांगला असला तर दुधात साखर, पण शब्द ऐकू आला नाही तर कीर्तन फुकट. या गायनाचा पहिला धर्म सांगणे हा, आणि रिझविणे हा दुसरा. मराठी हरिदासांच्या या साक्या-दिंड्या तंजावरच्या दरबारी गेल्या आणि तेथील तमिळ हरिकथेत अशा मुरल्या की साकी, दिंडी ही नावे तिकडील कथेकरी आजही तशीच घेतात. तेव्हा या रचनेत काही सत्त्व आहे, ते केवळ आमच्या सवयीचे कौतुक नव्हे, एवढे मान्य व्हावे.

आता सांगलीस येऊ. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिचे खेळ श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले. असेच काही मराठीत करावे अशी त्यांची इच्छा झाली आणि ते काम विष्णुदास भावे यांजकडे आले. पुढील वर्षी ‘सीतास्वयंवर’ झाले. या नाटकात गाणे कोणी गावे? सूत्रधाराने. तो बाजूस उभा राही, त्याच्या मागे झांजा व मृदंग घेऊन साथीदार उभे राहत. पात्राचा प्रवेश, त्याचे वर्णन, त्याच्या मनातील भाव हे सारे सूत्रधार पद्यात गाई, साथीदार ते उचलून धरीत, आणि मग पात्र आपल्या पदरच्या गद्याने भाषण करी. म्हणजे कीर्तनातील हरिदासाचे येथे दोन तुकडे झाले. गाणारा तुकडा एका अंगास राहिला. बोलणारा व हातवारे करणारा तुकडा रंगीत वेष घालून मध्यभागी आला. सीता रडत आहे आणि तिचे रडणे दुसराच गात आहे, याचे प्रेक्षकांस काही वाटत नसे, कारण हरिदासाच्या मुखाने त्यांनी हजारो सीतांचे रडणे ऐकलेले होते.

हा प्रकार आम्हांस वाटतो तितका एकटा नाही. चीन देशात सिचुआन प्रांताच्या नाटकांत ‘गाओछ्यांग’ नावाची एक जुनी गायकी आहे. तीत स्वरवाद्य मुळीच नाही. नगारे, झांजा व टाळ एवढ्यांच्या बळावर नट उंच आवाजात ओळ म्हणतो, आणि तिचे शेपूट पडद्याआडची मंडळी एकमुखाने उचलतात. नटाने न सांगितलेले त्याचे मनोगतही पुष्कळदा तीच मंडळी गातात. आमच्या झिलकऱ्यांची व सूत्रधाराच्या साथीदारांची आठवण यावी असेच हे आहे. चिनी नाटकाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिकडे नाटककार बहुधा नवी चाल रचीत नसे. ठराविक नावांच्या जुन्या चाली असत आणि त्यांत तो नवे शब्द भरी. सोळाव्या शतकात कुनशान गावच्या अशाच चालींस वेई ल्यांगफू नावाच्या गायकाने बासरीची साथ देऊन आणि एकेका शब्दाचा उच्चार घासूनपुसून असे रूप दिले की त्यातून ‘कुनछू’ ही चीनची अत्यंत नाजूक नाट्यगायकी उभी राहिली. गाव लहान, चाल जुनी, पण शब्द कसा उच्चारावा याचा ध्यास नवा. किर्लोस्करांच्या नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांस प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कोण्या जुन्या गाण्याचा निर्देश केलेला आठवत असेल. पेकिंग आणि पुणे यांचा एकमेकांस पत्ता नव्हता, पण युक्ती एकच.

अण्णासाहेब किर्लोस्कर हे १८४३ सालीच, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्या वर्षी, जन्मले, हा योगायोग मोठा गोड आहे. गाव बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. घरी मराठी, भोवती कानडी, कानांवर कीर्तने, यक्षगानाच्या वळणाचे खेळ, बायकांची गाणी आणि लावण्या. मुंबईस सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी त्यांच्याआधी एक वर्ष संगीत ‘नलदमयंती’ केले होते आणि पारशी मंडळ्यांच्या ‘इंद्रसभे’ने पुण्याचे प्रेक्षक वेडे केले होते, तेव्हा गाणारी पात्रे ही कल्पना अण्णासाहेबांनीच प्रथम शोधली असे म्हणता येणार नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहात त्यांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक केले, आणि त्या रात्री जे घडले ते आमच्या मते असे: हरिदासाचे जे दोन तुकडे भाव्यांनी केले होते ते अण्णासाहेबांनी पुन्हा जोडले. आता दुष्यंत आपले गाणे आपण गाऊ लागला, शकुंतला आपले आपण. पण ती पात्रे जे गाऊ लागली ते काय होते? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणीच्या आणि कानडी पदांच्या चाली. शंभरांहून कितीतरी अधिक पद्ये एका नाटकात, आणि पुष्कळशी चार ओळींची. ती गावयास मिनिट-दोन मिनिटे लागत. बोलणे संपले कोठे आणि गाणे सुरू झाले कोठे याचा सांधा दिसू नये, हा त्यामागील हेतू.

हरिदास एकटा होता तेव्हा रुक्मिणीच्या मुखातील साकी आणि कृष्णाच्या मुखातील साकी एकाच गळ्यातून येत. आता मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत वेगळा आणि बाळकोबा नाटेकरांचा कण्व वेगळा. बाळकोबा गवयी होते, त्यांच्या कंठात रागदारी होती. अण्णासाहेबांनी तिला वाव दिला, पण घरात पाहुण्यास देतात तितकाच. १८८२ साली ‘सौभद्र’ आले, आणि बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले. भाऊरावांचा आवाज उंच, धारदार आणि निर्मळ होता आणि पद ते झपाट्याने म्हणत असत, असे ऐकणाऱ्यांनी एकमुखाने लिहून ठेवले आहे. या झपाट्याचे महत्त्व पुढे पुष्कळजण विसरले. रात्री आरंभ होऊन पहाटे संपणाऱ्या नाटकात, ध्वनिक्षेपकाचे नाव नसताना, शेवटच्या बाकावरील मनुष्यास शब्द पोहोचवावयाचा तर स्वर उंच आणि लय चालती हवी, हे त्या मंडळींस उपजत कळत होते.

अण्णासाहेब १८८५ त वारले. देवलांनी त्यांचाच वारसा ‘शारदे’पर्यंत निष्ठेने चालविला, १८९९ सालच्या त्या नाटकातील पदे बोलल्यासारखी गाता येतात आणि गायल्यासारखी बोलता येतात. या थोर नाटकावर एवढ्यावरच थांबणे बरे नव्हे, पण आमचा रोख पदांच्या चालींवर आहे.

चालींच्या बाबतीत खरा उलथापालथ करणारा गृहस्थ पुण्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. भोकरदन तालुक्याची सीमा ओलांडली की वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या उत्तर टोकास जळगाव जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे ते गृहस्थ. १८९६ साली त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आले आणि साकी-दिंडीची सद्दी संपली. कोल्हटकरांस जुन्या चालींचा कंटाळा होता आणि तो त्यांनी लपविला नाही. पारशी-उर्दू नाटकांतील चटकदार, उड्या मारणाऱ्या, तबल्याच्या ठेक्यावर नाचणाऱ्या चाली त्यांनी घेतल्या आणि त्यांत मराठी शब्द ठोकून बसविले. ‘ठोकून’ हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहो. त्यांच्या पदांतील कित्येक शब्द चालीच्या सोयीसाठी वाकलेले आहेत, आणि गाताना त्यांचा अर्थ लावणे हा एक स्वतंत्र व्यायाम होतो. परंतु त्यांचा उपकारही लहान नाही. तोवर पदास स्वतःचा चेहरा नव्हता. एक दिंडी दुसऱ्या दिंडीसारखी. कोल्हटकरांपासून प्रत्येक पद वेगळे, स्वतंत्र लक्षात राहणारे झाले. प्रेक्षक नाटकाहून घरी जाताना कथा घेऊन जात असे, तो आता चाल घेऊन जाऊ लागला. भोकरदनच्या भजनापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा पहिला दगड आम्हांस येथे दिसतो.

यानंतरचा काळ बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून त्यात फार न रेंगाळता दोनच मुक्काम करू. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे ‘मानापमान’ झाले. चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटी वाजविणारे. मोठमोठ्या गवयांच्या आणि गायिकांच्या मैफलींत त्यांचा कान तयार झाला होता. त्यांनी ठुमरी, दादरा, ख्याल यांतील निवडक वळणे उचलली आणि मराठी पदास प्रथमच उत्तरेकडच्या मैफलीचा गंध दिला. पाच वर्षांनी, १९१६ त, ‘स्वयंवर’ आले, तेव्हा चालींचे काम भास्करबुवा बखले यांजकडे होते. बुवांची हकीकत मोठी सूचक आहे. बालपणी ते किर्लोस्कर मंडळीतच नाटकात काम करीत. आवाज फुटला तेव्हा गाण्याच्या शोधात बाहेर पडले आणि फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन घराण्यांच्या उस्तादांची विद्या गळ्यात घालून परत आले. रंगभूमीने ज्याला पोरवयात पाहिले होते तो तिच्याकडे गवयी होऊन आला आणि येताना यमन, भीमपलास यांसारखे राग ख्यालाच्या बंदिशींसकट रुक्मिणीच्या पदरात घालून गेला.

येथे हरिदासाचे नाट्यपद संपले, आणि गवयाचे सुरू झाले, असे पुष्कळ टीकाकार म्हणतात. आम्हीही काही वर्षे असेच म्हणत होतो. ‘वन्समोअर’च्या आरोळ्या, एकेका पदास तीनतीन, चारचार वेळा पुनरावृत्ती, कृष्णाचे उत्तर ऐकण्यासाठी ताटकळत उभी असलेली रुक्मिणी आणि रुक्मिणीचे गाणे संपण्यासाठी ताटकळत उभा असलेला कृष्ण, हे सारे खरे आहे. नाटक या दृष्टीने पाहणारास त्यात गुदमरल्यासारखे होई, यातही अतिशयोक्ती नाही. परंतु आक्षेपकांनी बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा एकदा, संशय बाजूस ठेवून, ऐकाव्या अशी आमची विनंती आहे. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया ज्याच्या पदरी होता तो गवयी तानांचा पाऊस पाडू शकला असता. पण गाणे ऐकताना कानी काय पडते? शब्द. एकेक शब्द तोंडात घोळवून, त्याच्या शेवटच्या अक्षरास किंचित लडिवाळ हेलकावा देऊन, जणू तो शब्द याच क्षणी सुचला असावा अशा रीतीने तो पुढे येतो. तान येते ती शब्दातून फुटून येते आणि शब्दातच परतते. ही रीत बालगंधर्वांस ख्यालाने शिकविलेली नाही. ख्यालात शब्द स्वरास टेकू देतो. येथे स्वर शब्दास वाहून नेतो. म्हणून आम्ही म्हणतो की भास्करबुवांनी वस्त्र बदलले, अंग हरिदासाचेच राहिले.

याच वेळी चीन देशात मेई लानफांग हा बालगंधर्वांहून सहा वर्षांनी लहान नट स्त्रीभूमिका करून पेकिंगच्या रंगभूमीवर राज्य करीत होता. पेकिंगची ती गायकीही एका घराची नव्हे. १७९० साली छ्येनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आन्हुई प्रांतातील मंडळ्या राजधानीस आल्या, आणि पुढे ‘शीफी’ व ‘अरह्वांग’ या दोन वेगळ्या प्रांतीय चालींच्या लग्नातून ती गायकी जन्मली. मेईसाठी नवी नाटके लिहिली गेली, त्याच्या गळ्यासाठी नव्या चाली बसविल्या गेल्या, आणि नाटकापेक्षा नट मोठा झाला अशी तक्रार तेथेही झाली. दोघांची तुलना करण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्ही तो आवरतो, कारण मेईच्या गाण्यातील शब्द आम्हांस कळत नाहीत, आणि शब्द कळल्याशिवाय नाटकातले गाणे कळले असे म्हणणे हे या सबंध लेखाच्या विरुद्ध जाईल.

केशवराव भोसले यांच्या तेजस्वी, चढ्या गळ्याविषयी येथे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. वय अवघे एकतीस. त्यांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनाच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले, हे वाचून आम्हांस दोन दिवस चैन पडले नाही. मास्टर दीनानाथांची गोष्ट निराळी. वझेबुवांच्या चाली घेऊन १९२७ च्या ‘रणदुंदुभी’त त्यांनी जी झेप घेतली ती नाट्यपदापेक्षा मोठी होती की नाट्यपदाबाहेर पडलेली होती, याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही.

असो. आता पुन्हा केळणेच्या काठी येऊ. नाटक मंडळी फिरत त्या आगगाडीने. पडदे, पेट्या, वेष, आचारी, बिऱ्हाडे असा लवाजमा बैलगाडीने लांब नेणे कठीण. मनमाड-हैद्राबादचा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला, आणि जालना त्या मार्गावर आले. भोकरदन मात्र जालन्यापासून पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेस राहिले आणि रेल्वे तेथे आजवर पोहोचलेली नाही. शिवाय हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तरी चाल आली. ती कोणत्या वाटांनी आली असेल? एक वाट तबकडीची. किल्लीच्या फोनोस तिकीट लागत नाही की नाटकगृह; एका वाड्यात तबकडी लागली की अर्धी आळी ओट्यावर येऊन बसे, असे जुन्या माणसांच्या तोंडून आम्ही कितीदा ऐकले आहे. दुसरी वाट हरिदासाचीच. पुण्यास किंवा नगरास नाटक पाहून आलेला हरिदास पुढच्या कीर्तनात रुक्मिणीच्या तोंडी तीच चाल घालू लागला, आणि सोवळ्या श्रोत्यांनी नाके मुरडीत मुरडीत ती पाठ केली.

तिसरी वाट रंगभूमीने आपण होऊन बांधली, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. १९३१ साल हे मराठी नाटकास वाईट गेले. त्या वर्षी ‘आलम आरा’ने चित्रपटास वाचा दिली, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि त्यात हरिश्चंद्र होऊन गाणारे व चाली देणारे कोण, तर ‘मानापमान’कर्ते गोविंदराव टेंबेच! नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. आणि नेमक्या त्याच १९३१ सालात गंधर्व मंडळीने ‘कान्होपात्रा’ हे नाटक आणले. चाली मास्टर कृष्णरावांच्या, म्हणजे भास्करबुवांच्या शिष्याच्या. आणि त्या नाटकात प्रेक्षकांनी ज्यांस डोक्यावर घेतले ते होते अभंग. चार वर्षांनी ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व पैठणचे एकनाथ झाले. तेथेही संगीत कृष्णरावांचेच. म्हणजे नाट्यपदावर संकट आले तेव्हा ते पळून गेले ते विठ्ठलाच्या पायरीशी. सासुरवास असह्य झालेली लेक कोठे जाते, हे काय सांगावयास हवे? ‘कान्होपात्रे’तील भजने गावोगावच्या भजनी मंडळांनी उचलली, आणि एकदा दार उघडल्यावर त्यांच्या मागोमाग ‘स्वयंवरा’च्या, ‘मानापमाना’च्या चालीही आत शिरल्या. त्यांस कोणी कुळ विचारले नाही.

पुढील काळात नाट्यपद मेले असे अनेकदा जाहीर झाले. १९३३ च्या ‘आंधळ्यांच्या शाळे’ने पदे मोजकी करून त्यांस भावगीताचे वळण दिले. १९४० पासून आकाशवाणीने पेटीस बंदी केली, ती १९७१ त सैल झाली. ज्या गायनाचा जन्मच पेटी-ऑर्गनच्या सुरात झाला त्याच्यावर ही आपत्ती लहान नव्हती. तरी १९६० साली विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आले, १९६४ त ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकींनी लांबण टाकून पदास पुन्हा आटोपशीर केले, आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त वसंतराव देशपांड्यांनी गवयाचे गाणे हाच नाटकाचा विषय करून टाकला. त्या नाटकाचा २०१५ साली चित्रपट झाला तेव्हा आमच्या घरातील कॉलेजात जाणारी मुले तीच पदे गुणगुणू लागली. याचा आनंद आहेच. तथापि मैफलीत ‘शेवटी एखादे नाट्यपद’ म्हणून जे गायले जाते ते ऐकताना आमच्या मनात नेहमी एक खुपते: पद कोणाच्या तोंडचे, कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी, याचा गाणारास पत्ता नसतो आणि ऐकणारास गरज नसते. शब्द अर्धे गिळलेले असतात. हे पद भास्करबुवांचे खरे, पण ते बालगंधर्वांचे राहिलेले नसते, आणि हरिदासाचे तर नाहीच. याउलट भोकरदनच्या त्या सभामंडपात राग अर्धामुर्धा होता, पण अभंगाचे एकही अक्षर वाया गेले नव्हते. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायका ओळ संपण्याआधी ओठ हलवीत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तेथे गेलो. पेटीवाल्या आजोबांस आदल्या दिवशीचा आमचा आग्रह आठवत होता. “म्हणा की मग तुमची नाटकातली,” ते म्हणाले आणि पेटी पुढे सारली. आम्हांस गळा बेताचाच. तरी लाज सोडून ‘स्वयंवरा’तील ते पद जसे पाठ होते तसे म्हटले, दोन ठिकाणी ताना घेण्याचा अविचारही केला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मंडळीतील एका पोराने टाळ धरण्याचा यत्न केला आणि सोडून दिला. पद संपले तेव्हा आजोबांनी पेटी परत ओढून घेतली, सूर धरला, आणि किंचित काळजीच्या स्वरात विचारले, “चाल आपलीच हाय, मास्तर. पण येवढं सगळं गाताना तुमच्यात टाळ कुठं घेत्यात?”